राजूरच्या मायचं लुगडं

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात कित्येक वर्षं एक नऊवारी लुगडं असायचं आणि ते माझं नव्हतं. मी नऊवारी नेसत नाही. माझं माहेर यवतमाळचं, नोकरदारांचं. तिथे माझ्या आईनंसुद्धा कधी नेसलं नाही. हे लुगडं दरवर्षी बदलायचं. कधी हिरवं, कधी विटकरी, एकदा कुणाच्या तरी लग्नात आहेर आलेलं, खळ न गेलेलं कडक लुगडं होतं. पण ज्या बाईचं ते असायचं, ती बाई एकच.

आमचं घर यवतमाळहून दारव्ह्याला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. माघात वणीकडून शेगावला जाणारी दिंडी ह्याच रस्त्यानं जाते. इकडे पायी म्हणत नाहीत, पायदळ म्हणतात. मारेगाव, करंजी, जोडमोहा, यवतमाळ असे मुक्काम करत ही पायदळ माणसं आमच्या गावात पोचतात, तोवर त्यांचा टाळ वाजवायचा उत्साह ओसरलेला असतो आणि जो तो आपापल्या टाचांची काळजी करत असतो. जेवण गाव देतं, मारुतीच्या पारावर. झोपायला आणि आंघोळीला मात्र माणसं घरोघरी वाटून घेतात. आमच्या वाट्याला दरवर्षी चार-पाच बायका यायच्या.

खरं सांगायचं तर मला ह्याची फारशी हौस नव्हती. वाटून घ्यायचं काम माझे यजमान करायचे. ते दारव्ह्याला कचेरीत होते. संध्याकाळी घरी यायचे, "आपल्याकडे पाच जणी," एवढं सांगायचे आणि चहा घेऊन पारावर जायचे. पाणी तापवणं, त्यात मीठ टाकणं, पाय चोळायला तेल काढून ठेवणं, ओसरीवर सतरंज्या अंथरणं हे सगळं आपोआप होतं अशी त्यांची समजूत होती. पुण्य दोघांचं आणि पाणी तापवणं एकटीचं, असा आमचा हिशेब होता.

अशाच एका माघात ती पहिल्यांदा आली. बाकीच्या बायका "बाई, तुमचे लय उपकार" वगैरे म्हणत पायरीवर बसत होत्या. ही सरळ आत आली आणि म्हणाली, "लुगडं वाळवाले दोरी कुठी हाये?"

मी दोरी दाखवली. तिनं आंघोळ केली, गाठोड्यातलं दुसरं लुगडं नेसली, अंगावरचं धुऊन पिळून दोरीवर टाकलं. धुतलेलं पाणी काळपट निघालं. माझं तिकडे लक्ष आहे हे तिनं पाहिलं. "राजूरची हाये मी," ती म्हणाली. "खाणीचं गाव. आमच्याकडं पांढरं कापड पांढरं राहत नाई."

माघातली थंडी, वर दव. सकाळी दिंडी निघायच्या वेळी लुगडं तसंच ओलं होतं. तिनं पदर चाचपला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ओलं वझं घेऊन मी चालत नाई. राहू दे इथंच. पुढच्या वर्षी नेतो."

"येताना घेऊन जा की शेगावहून."

"वापस त आमी गाडीनं जातो. अमरावतीकून."

"आणि पुढच्या वर्षी आल्या नाही तर?"

"लुगडं इथं हाये म्हनल्यावर येनंच पडते," ती म्हणाली आणि चालायला लागली.

मला वाटलं, ही विसरणार. पुढच्या माघात दिंडी आली. ही फाटकातूनच विचारत आली, "माह्यं लुगडं?" मी काढून दिलं. आंघोळ करून ते कोरडं लुगडं नेसली, अंगावरचं धुतलं, सकाळी ओलं तसंच दोरीवर सोडून निघून गेली. मग तीच रीत पडली. तिच्या खांद्यावरचं ओझं एका लुगड्यानं हलकं झालं आणि माझ्या कपाटात ते येऊन बसलं. मी ते उन्हात चांगलं वाळवायची, घडी करून ठेवायची. पावसाळ्यात दमट वास येऊ नये म्हणून अधूनमधून बाहेर काढायची. यजमान चिडवायचे, "माझ्या धोतरांची इतकी काळजी कधी घेतली नाही."

मी तिला राजूरची माय म्हणत होते. ती मला बाई म्हणायची. दिंडीत नावं कुणी विचारत नाही, सगळ्या माय आणि सगळे माउली, त्यामुळे मीही विचारलं नाही. वर्षातून एक संध्याकाळ आणि एक पहाट एवढीच आमची ओळख. पण त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसून तिचं चालणं ऐकायची. करंजीच्या पुढे कुठल्या विहिरीचं पाणी गोड आहे, जोडमोह्याच्या घाटात चढताना बोलायचं नाही, कुठल्या शेतातला माणूस हाक मारून ओला हरभरा देतो, कोण दिंडीत येतं ते देवासाठी आणि कोण सुनेपासून सुटका म्हणून. ती सांगायची आणि मी मनातल्या मनात ते ते गाव ओलांडायची. एकदा म्हणाली, "तू काहून नाई येत चालाले?"

"घर कोण पाहील?"

"घर कुठी जाते?" ती म्हणाली. मी तेलाची वाटी पुढे सरकवली.

यजमान दिवाळीच्या सुमाराला गेले. लेक पुण्याहून आली, महिनाभर राहिली, परत गेली. तिचं काही चुकलं नाही, तिला नोकरी आहे. शेत मक्त्यानं दिलेलं, घरात मी एकटी. माघ आला तसं मी गावात सांगून टाकलं की यंदा माझ्याकडे कुणी पाठवू नका, माझ्याच्यानं होणार नाही. कुणी आलं नाही. फक्त दिवस कलल्यावर फाटक वाजलं आणि पायरीवरून प्रश्न आला, "माह्यं लुगडं?"

तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं. आंघोळ झाली, लुगडं धुऊन झालं, मग तिनंच चुलीवर पाणी तापत ठेवलं, घमेल्यात ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि म्हणाली, "बस. आज तुह्ये पाय दे."

"मी कुठे चालले?"

"चालल्याबिगर थकत नाई का मानूस?"

तिनं माझे पाय घमेल्यात घेतले. तिचे तळहात खरखरीत होते. यजमान गेल्यापासून मी लोकांसमोर रडले होते, रीत म्हणून, येणारा रडतो म्हणून. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला खरं रडू आलं आणि ते बराच वेळ थांबलं नाही. तिनं थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

त्या वेळी तिनं सोडलेलं लुगडं वांगी रंगाचं होतं. काठाजवळ बाभळीच्या काट्यानं फाटलेलं, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं. मी ते वाळवलं, घडी केली, कप्प्यात ठेवलं. चैत्र लागला आणि टाळेबंदी आली.

टाळेबंदीबद्दल मी लिहीत बसत नाही, सगळ्यांनी ती भोगली आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की माझ्या घरात टाळेबंदी आधीच लागलेली होती, बाकीच्यांच्या घरी ती नंतर आली. पहिले काही महिने मला चक्क बरं वाटलं. आता कुणीच कुणाकडे जात नाही तर माझ्याकडे येत नाहीत ह्याचं दुःख कशाला, असं मी स्वतःला समजावलं. पण माघ जवळ यायला लागला तशी मी अस्वस्थ झाले. आपल्या जिल्ह्यात पुन्हा रुग्ण वाढले होते, दिंड्या बंद होत्या, हे मला पेपरातून माहीत होतं. तरी मी रोज सकाळी चहा घेताना मनात म्हणायची, आज मारेगाव सोडलं असतं. आज करंजी. आज जोडमोह्याचा घाट, बोलायचं नाही. आणि त्या दिवशी मी खरंच दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाही. तसंही बोलायला कुणी नव्हतं.

आमच्या मुक्कामाच्या दिवशी मी ते वांगी लुगडं पुन्हा धुतलं आणि पुढच्या अंगणातल्या दोरीवर टाकलं, रस्त्यावरून दिसेल असं. का टाकलं, विचारू नका. दिंडी येणार नव्हती. चुलीवर मोठं पातेलं ठेवून पाणीही तापवलं.

तासाभरात सरपंच, आशाताई आणि ग्रामपंचायतीचा शिपाई असे तिघे तोंडाला फडकी बांधून फाटकाशी उभे. बाहेरून आलेल्या माणसाची नोंद करायची आणि त्याला शाळेत वेगळं ठेवायचं असा तेव्हा गावाचा नियम होता.

"काकू, पाहुणे आले का घरी?" सरपंचांनी विचारलं.

"नाही."

"कोनी म्हातारी आली म्हनतेत."

"कुणी नाही आलं."

आशाताईनं दोरीकडे बोट केलं. "मंग हे लुगडं कोनाचं? तुमी त पाचवारी नेसता."

आता ह्याला काय सांगायचं? मी सांगितलं की राजूरच्या एका बाईचं आहे. "कवा आली?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, गेल्या माघात. तिघंही माझ्याकडे पाहत राहिले. शिपायानं तर आत येऊन खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, तापलेल्या पाण्याचं पातेलं पाहिलं. म्हातारी कुठे सापडेना तेव्हा सरपंच जरा नरम झाले. "एकटं राहून असं होते काकू," ते म्हणाले. "पोरीकडं जाऊन या काही दिवस." जाताना आशाताईनं माझा ताप मोजला.

मी फाटकाला कडी लावली आणि ते तापलेलं पाणी घमेल्यात ओतून स्वतःचे पाय त्यात बुडवून बसले. वाया कशाला घालवायचं? पुढच्या माघातही दिंडी आली नाही. तेव्हा मी लुगडं मागच्या भिंतीकडे वाळत घातलं.

तिसऱ्या माघात ढोलकीचा आवाज रस्त्यावर आला. मी त्या दिवशी सकाळपासून दारात होते. दिंडी निम्मीच होती. माझ्याकडे चार बायका आल्या, चारही अनोळखी. मी त्यांच्या मागे रस्त्यावर पाहत राहिले. शेवटी सामानाची गाडी आली. ती चालवणारा माणूस जुना होता, त्याला विचारलं.

"राजूरची माय नाही आली?"

"राजूरची कोन?"

मला नाव सांगता येईना. म्हातारी, मी म्हणाले. दरवर्षी येणारी.

"एकटीच राहे ते?"

"हो," मी म्हणाले.

"ते त कोरोनात वारली, बाई. दुसऱ्या लाटेत. चंद्रपूरले नेलती, वापस नाई आली."

मी म्हणाले, नऊवारी नेसायची बघा. तो म्हणाला, "सबन म्हाताऱ्या लुगडंच नेसते, बाई." आणि गाडी पाराकडे नेली.

मी त्या चार बायकांना पाणी तापवून दिलं, तेल दिलं, सतरंज्या टाकल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, बाई तुम्ही जेवल्या नाही? मी म्हणाले, जेवते. दुसऱ्या दिवशी त्या गेल्यावर डोक्यावरून आंघोळ केली. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "काहून जी, कोनी गेलं का?" मी नुसती मान हलवली. तिला काय सांगणार? जिचं नावही मला माहीत नाही, तिचं सुतक कुणी धरतं का?

भाद्रपदात पितृपक्ष आला. यजमानांची तिथी करून झाली होती, पण सर्वपित्री अमावस्येला मी दोन पानं वाढली. उडदाचे वडे, कढी, खीर, वरण-भात. शेजारीण मदतीला आली होती. तिनं दुसरं पान पाहून विचारलं, "हे कोनाचं?" मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. "ना जातीची ना गोताची," ती म्हणाली. "कोन तुमची ते?"

"तिचं लुगडं आहे माझ्याकडे," मी म्हणाले. मला तेवढंच उत्तर देता आलं.

दोन्ही पानं गच्चीच्या कठड्यावर ठेवली. यजमानांच्या पानाला कावळा लगेच शिवला. जन्मभर त्यांना जेवायची घाईच होती. तिच्या पानाकडे एकही फिरकेना. ऊन चढलं, खिरीवर साय धरली. शेजारीण म्हणाली, काही इच्छा राहिली असंल, सांगून पाहा. मी हात जोडले आणि म्हणाले, तुझं लुगडं नीट जपून ठेवीन. कावळा दूर तारेवर. म्हणाले, शेगावला नेऊन देईन. तारेवरच. शेवटी मी चिडले आणि म्हणाले, बरं बाई, मी स्वतः पायदळ नेईन, झालं समाधान? तेव्हाही कावळा हलला नाही. दुपारी कुणाची तरी बकरी गच्चीवर चढली आणि तिनं ते पान चाटूनपुसून खाल्लं.

पण शब्द तर देऊन बसले होते. दिवाळीनंतर मी सकाळी रस्त्यानं चालायला लागले. आधी पुलापर्यंत, मग फाट्यापर्यंत. गुडघे कुरकुरायचे. पुण्याहून लेकीनं फोनवर तोंडसुख घेतलं, "आई, ह्या वयात हे काय खूळ?" मी तिला लुगड्याचं सांगितलं नाही. तिला इतकंच म्हणाले की डॉक्टरच म्हणतात, चाला. चालताना मला एक कळलं. मला देवाकडे जायची घाई नव्हती. कुणीतरी माझ्याकडे काहीतरी ठेवून गेलं होतं आणि ते पोचवायला मला कुठेतरी जायचं होतं, ह्याचंच मला बरं वाटत होतं. यजमान गेल्यापासून मला कुठेही जायचं नव्हतं.

माघात दिंडी यवतमाळला पोचल्याचा फोन आला. मी गाडीवाल्याला सांगून ठेवलं होतं की आमच्या गावापासून मी येते. पिशवी भरून झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त लुगडं तेवढं शेवटचं ऊन दाखवावं म्हणून पुढच्या दोरीवर टाकत होते, तर यवतमाळची यस्टी फाट्यावर थांबली. कंडक्टरनं हाताला धरून एका म्हातारीला उतरवलं. एका हातात काठी, काखेत गाठोडं. ती हळूहळू एकेक पाय टाकत आली, फाटकाशी थांबली, दोरीकडे पाहिलं.

"माह्यं लुगडं," ती म्हणाली. ह्या वेळी विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

मी तिथेच तुळशीच्या कट्ट्यावर बसले आणि तोंडातून निघालं, "तुम्ही तर वारल्या."

"कोन म्हने?"

मी गाडीवाल्याचं सांगितलं. ती माझ्या शेजारी बसली, काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मेली ते माह्या मांगच्या गल्लीतली. एकटी राहे. माह्याच संगं चाले दरवर्षी, लय जोरात चाले. मी कुठी एकटी राहतो? पोरगा हाये, सून हाये, नातवंडं हायेत. तुले कोनी सांगतलं मी एकटी राहतो म्हनून?"

कुणीच सांगितलं नव्हतं. गाडीवाल्यानं विचारलं आणि मी हो म्हणाले होते.

मागल्या वर्षी ती का आली नाही तेही कळलं. नळावर पाय घसरला, खुबा मोडला, आत सळई घातली. आता चालणं संपलं. पोराला न सांगता वणीला आली, तिथून यस्टीनं निघाली आणि वाटेत जोडमोह्याला उतरली. "तिचं लुगडं जोडमोह्याले होतं," ती म्हणाली. "ते तिथं ठेवे, मी तुह्याइथं. त्या घरच्या बाईले माहीतच नोतं ते मेली म्हनून. जपून ठेवलं होतं तिनं, अजून वाट पाहे." तिनं गाठोड्याची गाठ जरा सैल करून मला आतला निळा काठ दाखवला. "तिच्या पोरीकडं नेऊन देतो. मंग मी म्हनलं, माह्यं बी आनलं पाह्यजे."

मग मी तिला पानाचं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, शेजारीण कुंपणाशी येऊन उभीच होती. माय लक्ष देऊन ऐकत होती. कावळा शिवला नाही म्हटल्यावर ती हसायला लागली, इतकी की खुब्याला हात लावून थांबावं लागलं. "कसा शिवन? मी त जित्ती हाये. काय काय केलतं?"

"वडे, कढी, खीर."

"अन् मले एक वडा नाई भेटला. बकरीनं खाल्लं. कर आता."

घरात उडदाची डाळ भिजलेली नव्हती, पण गरम पाण्यात भिजवायला कितीसा वेळ लागतो. मी वडे तळले. ती आंघोळ करून ते वांगी लुगडं नेसून चुलीशी बसली आणि गरम गरम खात राहिली. शेजारणीलाही दिले. शेजारीण म्हणाली, मेल्याची खबर उठली म्हणजे उमर वाढते. माय म्हणाली, "आता वाढून काय करू? पाय त नाई वाढत."

संध्याकाळी दिंडी आली. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. जुन्या लोकांनी तिला पाहिलं आणि पाया पडायला आले. ती सगळ्यांना तेल लावा, फोड फोडू नका, असं सांगत होती. पण बायका पाय बुडवून बसल्या तेव्हा ती रस्त्याकडे पाहायला लागली. मी विचारलं, घमेलं देऊ का? ती नको म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "ते दोन वर्षं बंद होतं ना, तवा तुह्या घरचा मुक्काम राहे त्या दिवशी मी घरी मिठाच्या पान्यात पाय घालून बसो. सून विचारे, बुढे, आज कुठून चालून आली?"

मी तिला माझ्या पातेल्याचं सांगितलं नाही.

माझी भरलेली पिशवी तिनं पाहिली होती. "तू चालली का उद्या?" मी सांगितलं, तुमचं लुगडं पोचवायला निघाले होते. ती म्हणाली, "माह्यं वझं तू नेत होती. मी त इथं आली. मंग आता कायले चालतं? तुह्यं काही असन तवा जाय." मी गाडीवाल्याला जाऊन सांगितलं की यंदा राहू दे.

सकाळी दिंडी गेली. ती यवतमाळच्या यस्टीनं परत निघणार होती. अंगावर वांगी लुगडं होतंच, आदल्या दुपारी धुतलेलं, वाळलेलं लुगडंही तिनं दोरीवरून काढलं आणि गाठोड्यात घातलं. मी म्हणाले, हे राहू द्या इथे. ती म्हणाली, "आता कायले ठेवू? मी काही येत नाई पुन्हा. लुगडं राह्यलं की जीव अटकून राह्यते."

दोरी रिकामी झालेली दिसत होती.

मग तिनं गाठोडं पुन्हा सोडलं. "तुह्यं एक दे."

"काय?"

"पातळ. नेसायचं. माह्या घरी ठेवतो. पुढच्या माघात तू ये. पायदळ नको येऊ, तुह्याच्यानं नाई होत. यस्टीनं ये."

मी आत जाऊन कपाट उघडलं. बराच वेळ काय द्यावं कळेना. शेवटी यजमानांनी घेतलेली जांभळ्या काठाची साडी काढली, जी मी त्यांच्यानंतर नेसली नव्हती. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली आणि जोडमोह्याच्या लुगड्यावर ठेवून गाठ मारली. फाट्यावर उभ्या असताना मी तिला तिचं नाव विचारलं. ह्या वेळी चूक करायची नव्हती. तिनं सांगितलं, मग माझं विचारलं. ती दोन्ही नावं इथे लिहीत नाही.

यस्टी आली. कंडक्टरनं तिला वर घेतलं. घरी येते तर शेजारीण कुंपणाशी उभी. "गेली का?" तिनं विचारलं. "कोन तुमची ते, सांगतलंच नाई तुमी."

"माझी साडी आहे तिच्याकडे," मी म्हणाले.

कपाटाचा खालचा कप्पा आता रिकामा आहे. मी तिथे दुसरं काही ठेवलं नाही. राजूरला कोळशाची धूळ फार, साडीचा रंग मळकट झाला असेल. माघ यायला अजून अवकाश आहे. पण यवतमाळहून वणीची पहिली यस्टी किती वाजता सुटते, ते मी विचारून आले आहे.